धारवाले सर

शिकलगार सर कुत्र्याला भीत. थोडेथोडके नाही, चांगलेच भीत. एरवी हा माणूस मुकादमाला भीत नसे, साहेबाला भीत नसे, पण कुत्रं दिसलं की त्यांचा पाय जमिनीला लागत नसे. आणि नशीब असं की नोकरी मिळाली ती ऊसतोड कामगारांच्या वस्त्यांवर हिंडायची. वस्तीत कोप्या, म्हणजे झोपड्या, वीस असल्या तर कुत्री पंचवीस. सर आपली मोपेड रस्त्यालाच स्टँडला लावत, दोन्ही पाय वर घेऊन बसत आणि हॉर्न वाजवत राहत. मग वस्तीतून पोरं धावत येत, "सर आले, सर आले" करत कुत्री हाकलत आणि सरांना मध्ये घालून आत नेत. तेव्हा सरांचा चेहरा बघण्यासारखा असे.

"लष्करात गेलो आसतो तर शत्रू चालला आसता," ते म्हणत, "पर कुत्रं न्हाई."

मला पुढे पुढे शंका यायला लागली की तो हॉर्न नुसता कुत्र्यांसाठी नसावा. भर अकरा-साडेअकराला जी पोरं हॉर्न ऐकून धावत येतात ती शाळेत नाहीत, हे उघडच होतं. कोप्या मोजायला नकोत, कुणाला विचारायला नको. मी एकदा तसं बोलून दाखवलं. सर थोडे लाजले.

"तसं बी हाय मॅडम. पर भ्या खरंच वाटतं."

तालुक्याच्या शिक्षण खात्यात ते कंत्राटावर होते. काम एवढंच, की शाळेबाहेरची मुलं शोधायची आणि जवळच्या शाळेत आणून बसवायची. आमच्याकडे ही मुलं दिवाळीनंतर येतात. बीडकडून टोळ्या उतरतात, कारखाना जागा देईल तिथे बांबू आणि प्लास्टिकच्या कोप्या उभ्या राहतात, आणि चैत्राच्या आसपास पट्टा पडला, म्हणजे उसाचा हंगाम संपला, की दोन दिवसांत सगळं रान मोकळं होतं. मुलं गावाकडे जूनपासून दिवाळीपर्यंत शाळेत असतात आणि मग मधूनच उठून इकडे येतात. ना घर, ना दार, ना पत्ता. मी कुंडलच्या पुढे रस्त्यालगतच्या एका आठवीपर्यंतच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. माहेर खंडाळ्याचं, त्यामुळे उसाची ही दुनिया मला नवी होती. ती मी शिकलगार सरांच्या मागे मागे हिंडून शिकले.

सर राहायचे सांगलीत, विश्रामबागेत. तिथून रोज मोपेडवर यायचे. वर हाफ स्वेटर, तो चैत्रातही अंगावर. डावा कान मंद होता. वाडवडिलांचा धंदा धार लावण्याचा, लहानपणापासून चाकाशेजारी बसून कान गेला, असं ते सांगत. पण हा कान मोठा हुशार होता. त्याला होकार ऐकू येई, नकार येत नसे. मुकादम "न्हाई जमायचं" म्हणायला लागला की सर अलगद डावा कान पुढे करत आणि म्हणत, "बरं झालं व्हय म्हणालासा." माणूस गोंधळायचा आणि तेवढ्यात सर पुढच्या कोपीत.

तर धार. हीच त्यांची खरी कला.

ऊसतोडीच्या माणसाला वेळ नसतो. पहाटे उसाच्या फडात, दिवस कलता परत, आल्यावर चूल. त्याला शिक्षणाचं महत्त्व सांगायला जाणारा माणूस म्हणजे डोक्याला ताप. आमच्या खात्याचे लोक जीप घेऊन जात, भाषण करत, फोटो काढत, आणि ती माणसं भाषण संपेपर्यंत कुठेतरी बघत उभी राहत. सर तसं करत नसत. मोपेडच्या डिकीत धारेचा दगड आणि पाण्याची बाटली असे. वस्तीत गेलं की कोपीपुढे मांडी घालायची, दगडावर पाणी सोडायचं आणि म्हणायचं, "आण रं कोयता." लोक तसे आपापले कोयते कानशीने घासतच असत. सर ते बघून हळहळत.

"कानस पात्याला खाती रं. दगडानं धार बसती."

आणि खरंच बसायची. आठ-आठ दिवस टिकायची म्हणे. त्यामुळे सर आले की कोयते घेऊन रांग लागे. आता ज्याचा कोयता सरांच्या हातात, तो जाणार कुठे? तो समोर उकिडवा बसायचा. सर घाई करत नसत. एक बाजू झाली की अंगठ्याने पातं बघायचे, परत पाणी सोडायचे, आणि मग सहज विचारल्यासारखं करायचे, "ती थोरली कितवीला तुझी?"

मी पहिल्यांदा त्यांच्यासोबत गेले तेव्हा एका बापाला मी सांगायला लागले, की मुलगी दहावी झाली की किती मार्ग मोकळे होतात वगैरे. तो बिचकला. कोयता हातात घेऊन उठलाच. परत येताना सर म्हणाले, "आवं मॅडम, त्याला उद्याचं ठावं न्हाई आनि तुमी दहावी काडली. उद्याचा दिवस मागायचा. उद्या पाठवतो म्हणाला की आपलं झालं. परवा परत जायाचं."

ते खरोखर रोज जायचे. उद्याचा दिवस मागत मागत त्यांनी किती पोरांची वर्षं पदरात पाडून घेतली कुणास ठाऊक.

नोंदवहीच्या बाबतीत मात्र साहेब लोक त्यांच्यावर वैतागलेले असत. पत्त्याच्या रकान्यात सर लिहायचे, 'ओढ्याच्या अलीकडे बाभळ, बाभळीपासून तिसरी कोपी, निळं प्लास्टिक, दारात शेळी'. एका बैठकीत साहेबांनी हे मोठ्याने वाचून दाखवलं. सगळे हसले.

"शिकलगार, असा पत्ता असतो का?"

"साहेब, पोरगी तितंच ऱ्हाती."

"आणि शेळी विकली तर?"

"तर म्या खोडून लिवतो की."

साहेबही हसले, पण संगणकात तो पत्ता जाईना तो जाईनाच.

त्यांची माझी पहिली गाठ मात्र गोडीत पडली नव्हती. मी नवी रुजू झालेली. एक दिवस परिपाठ संपत आला असताना फाटकातून मोपेड आत आली आणि तिच्यामागे चालत सात पोरी. सातांपैकी चौघींच्या कडेवर तान्ही पोरं. एकाचं नाक वाहतंय, एक भोकाड पसरून रडतंय. सरांनी मला नमस्कार केला आणि विचारलं, "सातवीत आनि पाचवीत मिळून जागा किती हाय?"

मी म्हणाले, "मुलींना घेते. पण ही बाळं? शाळेत तान्ही मुलं घ्यायची असं कुठल्या नियमात आहे?"

"पोरगी न्हवं नियमात?"

"ती आहे."

"मग झालं. तिच्या कडंवर काय हाय ते नियम इचारत न्हाई."

मला राग आला होता. मी म्हणाले, बाळ घरी ठेवून यायला सांगा. सर म्हणाले, "घरी कोन हाय?" खरंच, घरी कोण होतं? आई-बाप दोघं फडात. मोठी बहीण असते ती हीच. तिला शाळेत आणायचं तर तिच्या कडेवरचंही येणार. त्या दिवशी सातवीच्या वर्गात दोन खिडक्यांच्या गजांना साडी बांधून झोळी केली. ती सरांनीच बांधली, गाठ तीन-तीनदा ओढून बघितली. मला वाटलं होतं आठ दिवसांत हा गोंधळ आवरावा लागेल. पण पोरी इतिहासाचं पुस्तक एका हातात धरून दुसऱ्या हाताने झोका द्यायच्या, आणि वर्ग चालायचा.

त्या सातांतली एक शीतल. सातवीतली, सडपातळ, बोलायला फटकळ. तिच्या कडेवर तिचा भाऊ, त्याला सगळे बारक्या म्हणत. शीतलचं गणित असं होतं की मी फळ्यावर उदाहरण लिहून वळायच्या आत उत्तर यायचं. बरोबर आलं की ती बारक्याच्या पाठीवर थाप मारायची, त्यालाच शाबासकी दिल्यासारखी. सरांचा तिच्यावर जीव होता. ते तसं दाखवत नसत, सगळ्या पोरांच्या पुस्तकांच्या आतल्या पानावर आपला फोन नंबर लिहून देत तसा तिच्याही पुस्तकावर दिला होता. पण दर आठवड्याला फाटकाशी थांबून पहिला प्रश्न असे, "शीतल आली हाय?"

आता मला माझी गोष्ट सांगायला हवी. सांगायची इच्छा नाही, पण तिच्याशिवाय सर सांगता येणार नाहीत.

हल्ली मुलाचं नाव एका वेळी एकाच शाळेत असतं, आणि ते संगणकावर असतं. आमच्या शाळेने नाव ओढून घेतलं की गावाकडच्या शाळेतून ते जातं. सरांचा दंडक होता की हंगामी पोरांची नावं हलवायची नाहीत. मूल इथे बसेल, इथे शिकेल, जाताना आपण एका पत्रकावर लिहून देऊ की याचं इतकं झालं, आणि नाव गावाकडे होतं तिथेच राहील. पण माझ्या शाळेचा पट घसरत होता. सप्टेंबरअखेरच्या पटावर शिक्षकांच्या जागा ठरतात, आणि सात-आठ नावं कमी पडली तर माझा एक शिक्षक जाणार होता. मी त्या हंगामात सहा मुलांची नावं इकडे ओढली. शीतलचंही. आणि पट्टा पडून टोळ्या गेल्यावर ती परत सोडली नाहीत. सप्टेंबर होऊ दे, मग सोडू, असं मी स्वतःला सांगितलं. सरांना सांगितलं नाही.

जुलैच्या मध्यावर सरांची मोपेड भर पावसात फाटकातून आत आली. सर निथळत ऑफिसात आले आणि बसले नाहीत.

"शीतलचा फोन आला हुता. गावच्या शाळेत घेत न्हाईत तिला. नाव हितं हाय म्हणत्यात. म्हैना झाला, घरी बसलीया."

मी संगणक उघडला. नाव होतंच, आठवीच्या पटावर. सरांनी वाकून पडद्याकडे पाहिलं. खाली बाकीची पाच नावंही होती, ती त्यांनी एक एक वाचली. मला वाटलं आता बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं.

"सोडा मॅडम नावं," एवढंच म्हणाले. "सगळी."

मी सोडली. मग म्हणाले की नुसतं नाव सोडून भागायचं नाही. शीतलच्या गावच्या शाळेत हंगामी वसतिगृह असतं. आई-बाप तोडीला गेले की पोरं गावातच आजी-आजोबांकडे राहतात, दोन वेळा शाळेत जेवतात. पण पटावर नाव असलं तरच. महिनाभर पोरगी घरी बसलेली बघून बापाने तिच्यासाठी पाहुणे बघायला सुरुवात केली होती. चौदावं नुकतंच लागलेलं. "तिनं फोनवर रडत न्हाई सांगितलं," सर म्हणाले. "सरळ सांगितलं. सर, माझं नाव आणा न्हाईतर माझं लगीन हाय."

दोन दिवसांनी आम्ही एसटीने बीडकडे निघालो. गाडीत दाखला आणि शीतलचं पत्रक माझ्या पर्समध्ये होतं, आणि मी ती पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते.

गावच्या शाळेचे मुख्याध्यापक वयस्कर होते आणि चिडलेले होते. चिडण्यासारखंच होतं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही साखर कारखान्याकडची मंडळी पटासाठी आमची लेकरं पळवता. आणि हंगाम झाला की उसाच्या पाचटासारखी टाकून देता. मी वर कळवणार आहे."

मी तोंड उघडलं. मी खरं सांगणार होते, शपथेवर सांगते. पण सर माझ्याआधी बोलले.

"चूक माझी हाय गुरुजी. म्याच मॅडमना म्हणालो नावं हिकडं घ्या. त्या नको म्हणत हुत्या."

"सर..." मी म्हणाले.

"मॅडम, दाखला द्या बघू जरा हिकडं," सर म्हणाले आणि हात पुढे केला. मी पर्स उघडली. दाखला शोधता शोधता बोलायची वेळ निघून गेली. मुख्याध्यापकांनी सरांना जे सुनवायचं ते सुनावलं. सर उजवा कान पुढे करून सगळं ऐकत होते. शेवटी गुरुजींनी दाखला घेतला, चष्मा लावला, शीतलचं पत्रक वाचलं. गणिताच्या रकान्याशी थांबले. मग पटावर नाव घेतलं आणि म्हणाले, "उद्यापासून पाठवा. पण तिच्या बापाचं तुम्ही बघा."

शीतलचं घर गावाच्या टोकाला होतं. बाप ओट्यावर बसलेला, आई शेण सारवत होती, बारक्या आता चालायला लागला होता. शीतल दारात उभी होती ती आम्हाला बघून आत गेली आणि पाणी घेऊन आली. बाप भला माणूस होता. सरांना बघून त्याला संकोचच झाला.

"मी काय वैरी हाय का सर तिचा?" तो म्हणाला. "तिकडं कोपीत ठेवावं तर जवान पोरगी, दिवसभर आमी फडात. इकडं ठेवावं तर शाळेत नाव नाई. मंग मी काय करावं? पाव्हणे चांगले हायेत. दोन एकर हाय त्यांना."

सरांनी पाहुण्यांबद्दल काही म्हटलं नाही. कायद्याचं नाव काढलं नाही. मी काढणार होते, त्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं.

"नाव आता हाय," ते म्हणाले. "जेवान शाळंत हाय. झोपायला आजी हाय. व्हय का न्हाई, म्हातारे?"

आतून आजीचा आवाज आला, "मी ठिवून घेते की. मला कुणी इचारलंच नाई."

"आनि हा बारक्या?" बाप म्हणाला. "ह्याला फडात कोन बघंल?"

"त्याला आमच्या अंगणवाडीत घिऊ. मॅडम हायत ना." मी मान हलवली. सर पुढे म्हणाले, "तवा मी लगीन मोडा म्हणत न्हाई, दहावी करा म्हणत न्हाई. हा एक हंगाम पोरगी हितं राहू दे. पट्टा पडला की तू परत येशील तवा तुझी पोरगी तुझ्या दारात आसंल. पुढचं पुढं."

बापाने बारक्याला मांडीवर घेतलं. मग म्हणाला, "दिवाळीला बघू सर. शबूद नाई देत."

शीतलने आम्हाला एसटीच्या थांब्यापर्यंत सोडलं. वाटेत तिने मला विचारलं, "बाई, माझं नाव तुमच्याकडं कसं काय राह्यलं होतं?" मी पर्सची चेन लावत राहिले. सर म्हणाले, "माझ्याकडनं राह्यलं पोरी." तिने माझ्याकडे बघितलं. तिला ते पटलं नसावं. फार हुशार मुलगी.

परतीच्या गाडीत मी सरांना विचारलं, की तुम्ही खोटं का बोललात. त्यांनी डावा कान माझ्याकडे केला. मी परत विचारलं, मोठ्याने. पुढच्या बाकावरच्या बायका वळून बघायला लागल्या तेव्हा सरांना ऐकू आलं.

"त्या गुरुजींनी दर कार्तिकात आनि चैत्रात तुमाला फोन करायला पायजे," ते म्हणाले. "तुमी त्यांना. तुमा दोघांचा एकमेकावर इस्वास नसंल तर पोरं मदीच ऱ्हाणार. माझं काय, मी आज हाय उद्या न्हाई."

हे तेव्हा मला बोलण्याची एक पद्धत वाटली. पण मुख्याध्यापकांनी म्हटल्याप्रमाणे वर कळवलं होतं. पत्र फिरत फिरत तालुक्याला आलं, त्यात शिकलगार सरांचं नाव होतं. त्यांचं कंत्राट सहा-सहा महिन्यांनी वाढायचं. दसऱ्याच्या सुमारास बाकीच्यांचे आदेश आले, सरांचा आला नाही. मी साहेबांकडे गेले. सांगितलं, चूक माझी होती. साहेब म्हणाले, तसं लेखी द्या. मी लेखी दिलं. ते कागद घेतले गेले, पोचही मिळाली, आणि पुढे काही झालं नाही. सरांचा आदेश त्या पत्रामुळे थांबला की एरवीही थांबणार होता हे मला कुणी सांगू शकलं नाही. पण त्या गावच्या शाळेत त्यांच्या आधी मी बोलायला हवं होतं. एक वाक्य होतं. त्याची मला आजही लाज वाटते, आणि ती वाटावी अशीच आहे.

मी विश्रामबागेत जाऊन सरांना भेटून आले. ते भावाच्या दुकानात कात्र्यांना धार लावत बसले होते. लेखी दिल्याचं मी सांगितलं. "उगं कशाला मॅडम," म्हणाले, आणि चहा मागवला. मग विचारलं, "बीडचा काय फोन?" मी म्हणाले, मुख्याध्यापक सांगतात शीतल रोज येते. वसतिगृहाच्या यादीत नाव घातलंय. पण बाप अजून काही बोलत नाही. त्या घरात पाहुणे परत येऊन गेलेत.

"दिवाळी होऊ द्या," सर म्हणाले. "टोळी हितं उतरली की कळंल."

कळणार होतं ते असं. शीतल आई-बापाबरोबर इथे आली, तर शाळा संपली. कोपीतल्या जवान पोरीचं पुढे काय होतं ते आम्ही दोघांनी बघितलेलं होतं. गावात राहिली, तर निदान एक हंगाम हाती लागला. मुख्याध्यापकांना विचारून उपयोग नव्हता. दिवाळीची सुट्टी होती, आणि टोळ्या सुट्टीतच हलतात.

दिवाळी झाली. कारखाना सुरू झाला. ट्रॅक्टर भरून माणसं, भांडी, शेळ्या उतरायला लागल्या. शाळा उघडून तीन-चार दिवस झाले होते. मी वस्तीवर जायला हवं होतं. जात नव्हते, बीडला फोनही लावत नव्हते. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती.

त्याच आठवड्यात सर एकदा फाटकाशी आले, त्यानंतर ते मला भेटले नाहीत. उन्हाळ्यात ते गेले. मी तेव्हा खंडाळ्याला होते, मला दोन दिवसांनी कळलं, मयतीला जाणं झालं नाही. त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे राहिलेले सर हे त्या दिवशीचे.

मधली सुट्टी झाली होती. फाटकाबाहेर मोपेड थांबली. मागे पाच पोरं उभी, तिघांना मी ओळखत होते, दोन नवी. सर आत आले नाहीत. मीच फाटकापर्यंत गेले.

"आत या की सर."

"नको. मी आता खात्याचा न्हाई. उगं तुमाला कुणी इचारलं तर." स्वेटरवर उसाची कुसळं चिकटली होती. पायात चप्पल एकच दिसत होती. दुसरी, म्हणाले, कुत्र्यानं नेली. कुणी आणायला आलं नाही, हॉर्न वाजवला नव्हता, आज गुपचूपच गेलो.

मला पुढचं विचारवेना. सरांनी फाटकाच्या गजावर दोन्ही हात ठेवले.

"सकाळधरनं हिंडतोय मॅडम. पैल्यांदा कोप्या बघितल्या. बाप दिसला, म्या त्याला इचारलं न्हाई. पोरगी गावातच ऱ्हायली म्हणाला आसता तरी मला इस्वास बसला नसता. मग वड्याला गेलो, म्हटलं पान्याला गेली आसंल. पार फडात गेलो. पाचटात वाकून मोळ्या बांधनाऱ्या बाया एक एक बघितल्या, लोकांस्नी वाटलं म्हातारं येडं झालं. आई दिसली. बारक्या बांधावर खेळत हुता."

"आणि शीतल?"

"न्हाई."

"न्हाई म्हणजे?"

"न्हाई सापडली." त्यांना हसू आवरेना, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. स्वेटरच्या कडेने ते पुसत होते, कुसळं डोळ्यात जात होती, आणखी पाणी येत होतं. "आई म्हणाली, आजीपाशी हाय. शाळंत जेवती. मग म्या परत सगळ्या कोप्या बघितल्या. न्हाईच."

मी फाटक उघडलं. पाच पोरं आत आली. सर म्हणाले, "ह्यांची नावं तितंच राहू द्यात." मी म्हणाले, "राहू देते सर." त्यांनी मोपेड वळवली. ती लवकर सुरू होत नसे, दोन-चार किका माराव्या लागत. तेवढ्यात मला राहवलं नाही. मी रस्त्यावर आले आणि ओरडून म्हणाले, "सर, परत एकदा सांगा. शीतल?"

"न्हाई सापडली!" सर एवढ्या मोठ्याने ओरडले की उसाचा ट्रॅक्टर घेऊन चाललेल्या माणसाने वेग कमी केला आणि काय हरवलं म्हणून विचारलं.